कुत्र्याला सांगितलेलं इंजिन

११ एप्रिल
किलोमीटर ३,१८,६४०. चालक: मी.

सरकारी शेतावर एकतीस वर्षं ट्रक चालवला. रोज सकाळी फेरीचा कागद भरायचा, आणि त्यात पहिल्या ओळीत दोनच गोष्टी: किलोमीटर किती, चालक कोण. पुढे शेत मोडलं, ट्रक भंगारात गेला, कागद मागणारा साहेबही मेला. सवय मात्र गेली नाही. आज पुन्हा माझ्या दारात गाडी उभी आहे, म्हणून ही वही काढली. नाव जुमाकादिर, वय सहासष्ट. मला माहीत आहे, पण कागद पूर्ण भरलेला बरा.

गाडी म्हणजे डिझेलची पिकअप. राखाडी रंग, चार दरवाजे, मागे लांब हौदा. तोकमोकच्या गाडीबाजारातून आणली आणि तीनशे किलोमीटर एकट्यानं चालवत आणली. गावात शिरताना हॉर्न वाजवला. उगाच नाही, कोंबड्या आडव्या येत होत्या.

पहिला आला तो तोलोमुश. शेतावर मी चालक तर हा मेकॅनिक. चाळीस वर्षं माझी उणी काढण्यात त्याचा जन्म गेला. त्यानं बोनेट उघडलं, आत नाक घातलं आणि हसायला लागला.

"जुमाके, सगळा बाजार सोडून हेच इंजिन मिळालं? याचा रोग शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नोझलच्या बुडाशी नखाएवढं तांब्याचं वॉशर असतं, ते दबतं. मग आतला काजळीचा धूर तेलात उतरतो, तेलाचं डांबर होतं, डांबर खाली तेलाच्या चेंबरच्या जाळीत जाऊन बसतं. आणि एक दिवस इंजिनाला तेलच मिळत नाही. जाम. तिथंच रस्त्यात दुवा मागायची आणि चालत घरी यायचं."

"म्हणून तर स्वस्तात मिळाली," मी म्हटलं. "रोग माहीत असला की अर्धा बरा झाला."

"अर्ध्याचं काय करणार? अर्धीच खिंड चढणार?"

मी सरळ सुरी आणायला गेलो. बोकड कापला, बंपरला रक्त लावलं, बायकोनं आर्चाची, आमच्या डोंगरातल्या सुगंधी झाडाची, फांदी पेटवून गाडीभोवती धुरी फिरवली. जेवायला अख्खी आळी आली. आणि तिथं माझी जीभ सुटली.

गोष्ट अशी की आमच्या चार कुटुंबांची नमद्याची घरं, म्हणजे लोकरीच्या जाड थराचे गोल तंबू, दर उन्हाळ्यात ज्या लॉरीतून सारी-बुलाकच्या कुरणावर जात, ती लॉरी मालकानं हिवाळ्यात विकली. शहरातल्या लॉऱ्या कुमुश-बेलच्या खिंडीचं नाव काढलं की फोन ठेवतात. आणि कुरण-समितीनं या वर्षी निक्षून सांगितलंय, पाच जूनपर्यंत ज्याचं घर सारी-बुलाकवर उभं नसेल त्याची जागा खालच्या गावाला. माझ्या आजोबांच्या घराचा गोल अजून तिथल्या गवतात दिसतो. तिथं खालच्या गावाची पोरं चुली मांडणार? मी वाटी हातात घेऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "माझं, कालीपा विधवेचं, आणि सातार-सामात भावांची दोन, अशी चारही घरं माझी पिकअप नेईल. पाच जूनच्या आत."

म्हाताऱ्यांनी लगेच तळहात वर करून दुवा दिली. दुवा पडली की माघार नाही. तोलोमुशनंही हात वर केले होते, पण मिशीत हसत होता.

१२ एप्रिल

सकाळी सेल्फ मारला तर थंड इंजिन फुस-फुस-फुस करायला लागलं. दात पडलेला माणूस बोलतो तसं. मिनिटभरानं तो आवाज थांबला. बहुधा थंडीमुळे असेल.

खरं लिहायचं तर तोलोमुश आसपास नाही ना, ते आधी पाहून घेतलं.

१५ एप्रिल
किलोमीटर ३,१८,७०२. चालक: मी.

सुनेबद्दल लिहायला हवं, कारण आज तिच्या डोक्याची जरा काळजी वाटली.

बेगायिम आमच्या एर्मेकची बायको. एर्मेक दोन वर्षं सायबेरियात तेलविहिरीवर आहे, ही आमच्याजवळ. पोरगी वळणाची आहे. माझ्यासमोर आवाज चढवत नाही, माझ्या पुढून आडवी जात नाही, माझं नाव तर सोडाच, नावातला 'जुमा'सुद्धा तोंडात येऊ नये म्हणून शुक्रवारला 'गुरुवारच्या पलीकडचा दिवस' म्हणते. तीन वर्षांत माझ्याशी सलामापलीकडे पुरतं एक वाक्य बोललेली नाही. हल्लीच्या सुना सासऱ्याला फोटो काढायला सांगतात. आमची तशी नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

तर आज मी बोनेट उघडून उभा होतो. ती शेणकूट न्यायला आली, आमच्या आकतोश कुत्र्यापाशी थांबली आणि त्याच्याशी बोलायला लागली. चांगलं ठणठणीत.

"आकतोश, कोचकोरला माझे वडील काय करायचे माहीत आहे? इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण फिरवून सैल करायचे आणि तसंच वर ठेवायचे. चहाच्या किटलीसारखं झाकण नाचायला लागलं, की समजायचं धूर तेलात उतरतोय."

कुत्र्यानं शेपूट हलवली. ती शेणकूट घेऊन गेली. तिच्या वडिलांचं कोचकोरला डिझेल गाड्यांचं गॅरेज होतं, माणूस बरा होता. पण कुत्र्याशी इंजिनाच्या गप्पा? नवरा लांब असला की बायका अशा एकलकोंड्या होतात. बायकोला सांगितलं, तिच्याशी जरा बोलत जा. तर बायको म्हणे, "बोलतो की आम्ही. खूप बोलतो."

१६ एप्रिल

आज मला एक नामी युक्ती सुचली. इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण सैल केलं आणि नुसतं वर ठेवलं. नाचायला लागलं. म्हणजे धूर तेलात उतरतोय. एकतीस वर्षांचा अनुभव असा कामाला येतो.

मग लांब पेचकस कानाला लावून एकेका नोझलवर टेकवला. तिसऱ्याचा आवाज वेगळा. नोझल उपसलं, खालचं वॉशर काळं ठिक्कर. शहरातून मिनीबसवाल्याबरोबर नवं मागवलंय.

२१ एप्रिल

नवं वॉशर बसवलं. सकाळची फुस-फुस गेली. तोलोमुशला मुद्दाम बोलावून ऐकवलं. त्यानं डोकं वाकडं करून ऐकलं.

"चारही बदललीस?"

"एकच खराब होतं."

"आणि चेंबर खोलून जाळी पाहिली?"

"दुखत नाही तिथं पट्टी कशाला बांधू?"

तो गेला. पाठीमागे बेगायिम आकतोशला भाकरीचा तुकडा टाकत होती आणि म्हणत होती, "चार मेंढ्या एकाच डबक्यातलं पाणी प्यायल्या, आकतोश. एकीला औषध दिलं. बाकीच्या तिघी?" आमच्या मेंढ्यांना काही झालेलं नाही, मी दोनदा जाऊन पाहिलं.

२८ एप्रिल
किलोमीटर ३,१९,११५. चालक: मी.

तेल बदललं. हेही मलाच सुचलं. काल सून कुत्र्याला गढूळ पाण्याच्या वाटीबद्दल रागावत होती, तेव्हा माझं लक्ष सहज तेलाच्या काठीकडे गेलं. जुनं तेल डांबरासारखं निघालं. नवं मधासारखं दिसतं. बोटाला लावून वास घेत बसलो. बायको म्हणाली, आपल्या लग्नातही तुम्ही इतके खूश नव्हता.

३ मे

एक बारीकशी कटकट. समोरच्या पट्टीवर तेलाच्या कॅनचं चित्र असलेला लाल दिवा आहे, तो वळणावर मिचकतो. जुन्या ट्रकमध्ये हा दिवा जन्मभर मिचकत होता आणि ट्रक जन्मभर चालला. दिवे खोटं बोलतात, कान बोलत नाहीत. शेतावर आम्ही सगळेच चालक करायचो तेच केलं. वायरला गुंडाळायची काळी चिकटपट्टी कापली आणि दिव्यावर चिकटवली. आता शांत वाटतं.

संध्याकाळी बेगायिम गाडी पुसत होती. पट्टीपाशी तिचा हात थांबला. मग उतरून आकतोशपाशी गेली, पण आज काहीच बोलली नाही, नुसती त्याचं डोकं खाजवत बसली. बरं झालं, सुधारतेय.

९ मे

एर्मेकचा फोन आला. बायको रडली, मी रडलो नाही. गाडीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, बेगायिमला विचारा ना काही अडलं तर." मी म्हटलं, तिला स्वयंपाकघराचं विचारतो. तो एकदम तिकडच्या हवेबद्दल बोलायला लागला. लाईन खराब असावी.

जेवताना बायकोनं विचारलं, तोलोमुशचा नंबर काय. कशाला म्हटलं तर म्हणे, असाच. या वयात त्याच्याशी काय काम कोण जाणे.

२१ मे
किलोमीटर ३,१९,८४०. चालक: मी.

काल खिंड उघडली आणि कालच मी चढलो.

आमचंच घर पहिलं नेलं. जाळीच्या भिंती, वासे, वरचं छपराचं कडं, नमदे, पेट्या, चूल. हौदा इतका भरला की मागचं काही दिसेना. कुमुश-बेलची सतरा वळणं, वर अजून बर्फाच्या भिंती, आणि माझी पिकअप गुरगुरत गुरगुरत चढली. माथ्यावर उतरून तिच्या बोनेटवर थाप मारली. घोड्याला मारतो तशी.

सातार-सामात माझ्याबरोबर होते. आजोबांच्या गोलावर तिघांनी मिळून घर उभं केलं. कडं वर चढलं तेव्हा छाती भरून आली हे लिहायला मला लाज नाही. रात्री चौघांत एकच घोंगडी होती तरी झोप गाढ लागली. आम्ही तिघे आणि आकतोश.

आज परत येताना तोलोमुशच्या दारावरून गेलो. तीन वेळा हॉर्न वाजवला. तिथं कोंबड्या नव्हत्या.

२५ मे

दोन दिवस वही हातात घेतली नाही. आता सगळं सरळ लिहितो, फिरवाफिरवी न करता.

परवा, तेवीस तारखेला, कालीपाचं घर भरलं. कालीपा मागून घोड्यावरून येणार होती. घर लावायला बायकामाणसं हवीत म्हणून बायको आणि सून मागच्या सीटवर, आकतोश हौद्यात नमद्यांवर. अकराव्या वळणावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. इंजिनातून कट-कट ऐकू आलं. अगदी बारीक. मी स्वतःला सांगितलं, चढण आहे, वजन आहे.

"अताके, इंजिन बंद करा."

अताके म्हणजे बाबा, पण कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही. तीन वर्षांत पहिलं वाक्य, आणि तेही हुकूम. नुसत्या धक्क्यानं माझा हात किल्लीकडे गेला आणि इंजिन बंद झालं. वारा तेवढा ऐकू येत होता. बायको खिडकीबाहेर बघत होती, तिला तिथं काय दिसत होतं कोण जाणे.

मी भडकलो. सासऱ्याला हुकूम सोडते, आणि तेही खिंडीत, भरल्या गाडीत. उतरलो, चाकाला दगड लावला, तेलाची काठी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली आणि तिच्या तोंडासमोर धरली. तेल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं.

"हे बघ. भरलंय."

ती खाली मान घालून उभी राहिली. मग हळूच आत वाकली आणि माझी काळी पट्टी नखानं सोलून काढली. किल्ली फिरवली, इंजिन दोन सेकंद चालवलं आणि बंद केलं. लाल दिवा मिचकला नाही. सरळ पेटून राहिला, विझलाच नाही.

 पाच जून, चार घरं, दुवा, सगळं एकदम डोक्यात आलं. तोलोमुश तिथं नव्हता तरी त्याचं हसू मला ऐकू येत होतं.

आणि ती कुठं गेली? हौद्यापाशी. कुत्र्याकडे. अशा वेळीसुद्धा.

"आकतोश," ती म्हणाली, "विहीर काठोकाठ भरलेली आहे. पण पोहऱ्याच्या तोंडाशी गाळ बसलाय. मग वर पाणी कसं येणार?"

तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. लेकी बोले सुने लागे हे मी जन्मभर ऐकत आलो, माझ्या आईनं माझ्या बायकोला असंच शिकवलं. पण कुत्र्याला बोलून सासऱ्याला लावता येतं हे मला सहासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. महिनाभर ही माझ्याशीच बोलत होती. मेंढ्या, डबकं, सगळं.

मी चाकाजवळच्या दगडावर बसलो.  मग म्हटलं, "कुत्र्याला काय सांगतेस, पोरी. मला सांग."

तिनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं मान हलवली. आणि मग ती बोलायला लागली, आणि काय बोलली. हळू आवाजात, खाली बघत, पण एकेक शब्द पान्यासारखा बोल्टावर बसणारा. चेंबर खोलायचा. जाळी धुवायची. नाहीतर इंजिन पुढच्या वळणावर कायमचं जाम. आणि जाळी धुवून भागणार नाही, बाकीची तीन वॉशरं गळताहेत, तीही काढायची, नाहीतर चार फेऱ्यांत पुन्हा हेच.

"नवी वॉशरं कुठनं आणू?" मी विचारलं. "मी एकच मागवलं होतं."

"जुनी चालतील, अताके. तांबं दबून कडक झालंय, एवढंच. भाजून मऊ करू."

मी गाडीखाली झोपलो, पाठीखाली कालीपाचा नमदा. ती वरून सांगत होती, मी बोल्ट काढत होतो. चालकाला असं सांगणारा माणूस शेतावर एकच होता, आणि त्याला आम्ही साहेब म्हणायचो. चेंबर खाली आला. जाळी दिसतच नव्हती. तळाला लागलेल्या दुधाच्या पातेल्यासारखा काळा थर होता, बोटानं खरवडला तर खपली निघाली. इंजिन गेला महिनाभर त्याच्यातून श्वास घेत होतं, आणि मी त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधली होती.

बायकोनं शेणकूट आणि आर्चाच्या काटक्या पेटवल्या. बेगायिमनं नोझल उपसली, तीन वॉशरं तारेत ओवली, विस्तवात लाल होईपर्यंत धरली आणि बर्फाच्या पाण्यात टाकली. चुर्र झालं. मग दगडावर राख घेऊन घासली. नव्यासारखी निघाली. शेतावर आम्हीही तांब्याच्या चकत्या अशाच भाजायचो. मला माहीत होतं आणि मी विसरलो होतो, हे जास्त लागलं.

जाळी डिझेलनं आणि घोड्याच्या केसांच्या कुंचल्यानं धुतली. पण जुनं तेल पुन्हा भरणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, आता तेल कुठलं? ती म्हणाली, येईल. आणि वरच्या खडकावर चढली, तिथं फोन लागतो.

दीड तासानं तोलोमुश आपल्या जुन्या जीपमधून आला. हातात सात लिटरचा डबा आणि चेंबरला लावायचा गोंद.

"हा डबा तुझ्या सुनेनं दहा मेलाच फोन करून मला आणून ठेवायला लावला," तो म्हणाला. "म्हणे, अताके माझं ऐकणार नाहीत, पण इंजिन एक दिवस ऐकवेल. जुमाके, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो तूच ना?"

मी पाना उचलला आणि पुन्हा गाडीखाली शिरलो.  तो माझ्या शेजारी गाडीखाली झोपला आणि आम्ही दोघांनी मिळून चेंबर बसवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकाच बाजूनं बोल्ट आवळत होतो.

बेगायिमनं सेल्फ मारला. लाल दिवा पेटला. एक, दोन, आणि विझला. इंजिन असं बोलायला लागलं की मी ते कधी ऐकलंच नव्हतं. डोळे भरून आले. तोलोमुशला सांगितलं, शेणकुटाचा धूर गेलाय. तो म्हणाला, माझ्याही गेलाय.

ऊन उतरायच्या आत कालीपाचं घर वर पोचलं.

एक मात्र नोंदवून ठेवतो: तेलाच्या झाकणाची युक्ती तेवढी माझी होती.

२७ मे

बायकोलाही आता ते खूळ लागलंय. आज दूध काढता काढता आकतोशला सांगत होती, "पूर्वी गाव कुरणावर निघालं की रांगेच्या पुढे कोण असायचं? नटलेली सून. पहिल्या उंटाची दोरी तिच्या हातात. पुरुष मागून, घोड्या हाकत. आता कोण पाळतं असल्या रीती." कुत्रा झोपला होता.

२८ मे

काल बिछान्यात पडल्या पडल्या मला एक विचार सुचला, आणि आज तो मी बोलून टाकला.

सातारचं घर परवाच वर पोचवलं. उद्या सामातचं घर आणि आमच्या एकतीस घोड्या, सगळी रांग एकदम निघणार. म्हाताऱ्यांसमोर मी उभा राहिलो. म्हटलं, "आपल्या बापजाद्यांची रीत आहे. रांगेच्या पुढे सून चालायची. आता उंट नाहीत, पिकअप आहे. तेव्हा पिकअप माझी सून चालवेल. मी मागून घोड्या आणतो."

कुणीतरी म्हणालं, "सुनेनं सासऱ्याच्या पुढून जायचं?"

"रांगेत जायचं," मी म्हटलं. "ती रीत या रीतीच्या आधीची आहे."

 सगळ्यांत आधी तोलोमुशनं हात वर केले, आणि या वेळी हसला नाही. घरी आलो तर बायको भलतीच खूश. एवढी नामी कल्पना तुम्हाला सुचली कशी, म्हणते. मी म्हटलं, अनुभव.

२९ मे

बायकोनं पेटीतून लाल किनारीचा पांढरा रुमाल काढून बेगायिमच्या डोक्याला बांधला. माझ्या आईनं बायकोला बांधला होता तोच. बोनेटवर गालिचा घातला होता, तो बेगायिमनं हळूच काढून हौद्यावर टाकला. म्हणाली, "अताके, इंजिनाला श्वास हवा." सरळ मला म्हणाली. कुत्रा दोन हातांच्या अंतरावर उभा होता, तरी.

मग ती बसली आणि निघाली.

सतरा वळणं मी तिच्या मागं होतो. घोड्याच्या पाठीवर, एकतीस घोड्या आणि शिंगरं पुढे घालून, तोंडात तिच्या चाकांची धूळ. पूर्वी कुणाची धूळ खाल्ली की मी चिडायचो. अकराव्या वळणावर ती थांबली, उतरली, बोनेटला कान लावला, परत बसली. खाली वळणावळणावर लोक उभे होते. कुणीतरी ओरडून विचारलं, "जुमाके, ती पुढची कोण?"

"माझी सून," मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. मग तो लांब गेल्यावरही एकदा म्हटलं.

४ जून

समितीचे दोघे सकाळी घोड्यावरून आले. चार धुरांडी मोजली, चार घरं वहीत लिहिली, कुमीसची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, एकेक वाटी प्याले आणि खालच्या गावाला निरोप द्यायला गेले. एक दिवस शिल्लक राहिला.

ते गेल्यावर मी गाडीकडे गेलो. बोनेट वर होतं आणि पलीकडून बेगायिमच्या पान्याचा आवाज येत होता. मला तिला काहीतरी सांगायचं होतं, बारा दिवस सांगायचं राहून गेलेलं. पण सासऱ्यानं सुनेला तोंडावर असं बोलायची आमच्यात रीत नाही, आणि मला येतही नाही. आकतोश चाकाच्या सावलीत पडला होता. मी त्याच्यापाशी उकिडवा बसलो आणि जरा मोठ्यानं म्हटलं,

"ऐक रे आकतोश. आमच्या सात पिढ्यांत घोडा ओळखणारे खूप झाले. इंजिन ओळखणारं माणूस एकच आलं, तेही कोचकोरहून. मी तिच्या बापाला बरा माणूस म्हणायचो. चुकलो. मोठा माणूस होता. अशी मुलगी दिली त्यानं."

बोनेटपलीकडचा पाना थांबला.  मग तिनं नाक ओढलं आणि पाना पुन्हा सुरू झाला.

मी उठलो, गुडघे झटकले आणि आकडा बघून आलो. वही उघडल्यावर लक्षात आलं की आजची पहिली ओळ भरायची राहून गेली. खाली भरतो.

किलोमीटर ३,२०,७१८. चालक: बेगायिम.